घरात सेलिॲकचा रुग्ण असेल तर : खर्चाचा हिशेब आणि सरकारदरबारचा पाठपुरावा

सेलिॲकचे निदान झाल्यावर डॉक्टर गहू आयुष्यभर बंद करायला सांगतात आणि कुटुंब घरी परतते. इतर आजारांत औषधाची चिठ्ठी असते, दुकानाची पावती असते, कधी विम्यातून थोडीफार भरपाईही मिळते. या आजाराला मात्र गोळी नाही. रोजचे जेवण हेच त्याचे औषध आहे, आणि जेवणाचा खर्च कोणतेही कार्यालय वैद्यकीय खर्च म्हणून मोजत नाही. आमच्या घरात हा आजार आल्यापासून आणि पुढे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील इतर कुटुंबांना अर्ज लिहायला मदत करताना जे समजले, ते नव्याने निदान झालेल्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे. त्यात दोन कामे आहेत. टाळता येण्यासारखा खर्च घरातच टाळायचा, आणि जो टळत नाही तो कागदावर आणून शासनासमोर ठेवायचा. पहिले काम झाल्याशिवाय दुसऱ्याला वजन येत नाही.

गहू, जव आणि राय (इंग्रजीत ‘rye’, फोडणीची राई म्हणजे मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सेलिॲक असलेल्या व्यक्तीच्या शरीराची प्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, त्यामुळे अन्नातील लोह, कॅल्शियम आणि इतर पोषण शरीरात शोषले जात नाही. मूल वाढत नाही, रक्त भरत नाही, पोट सतत बिघडते, हाडे ठिसूळ होतात. ही ॲलर्जी नव्हे आणि पथ्य काही महिन्यांनी सोडता येईल असेही नव्हे.

पहिली पायरी : गहू बंद करण्याआधी निदान कागदावर आणा

पुष्कळ कुटुंबे शेजारच्या सल्ल्याने आधी गहू बंद करतात, मुलाला बरे वाटू लागते आणि मग तपासणीला जातात. तोपर्यंत रक्तातील प्रतिपिंडे कमी झालेली असतात, आतडेही सुधारू लागलेले असते, आणि अहवाल नकारात्मक येण्याची शक्यता वाढते. मग निदानासाठी काही आठवडे पुन्हा गहू खायला लावावा लागतो. हा त्रास आणि दुहेरी खर्च टाळायचा असेल, तर तपासण्या पूर्ण होईपर्यंत नेहमीचे जेवण चालू ठेवावे.

साधारणपणे आधी टीटीजी-आयजीए ही या आजाराची प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी होते, तिच्यासोबत एकूण आयजीए (रक्तातील प्रतिपिंडांचा एक प्रकार) पाहिले जाते आणि त्यानंतर दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा घेऊन तपासतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेव्हा खासगी प्रयोगशाळेत पैसे भरण्याआधी तेथे कोणती तपासणी होते याची चौकशी करावी. सर्व अहवालांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात आणि डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक प्रमाणपत्र घ्यावे. त्यात रुग्णाचे नाव, आजाराचे नाव, निदानाचा आधार आणि ‘आजीवन ग्लुटेनमुक्त आहार हाच एकमेव उपचार आहे’ हे वाक्य असायलाच हवे. पुढचा प्रत्येक अर्ज याच वाक्यावर उभा राहतो, म्हणून ते मराठीतही लिहून मागावे.

रुग्णाच्या आई-वडिलांना, भावंडांना आणि मुलांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. त्यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी.

दुसरी पायरी : पाकीटबंद पदार्थांआधी आपल्या धान्याकडे पाहा

घाबरलेले कुटुंब पहिल्या महिन्यात ग्लुटेनमुक्त ब्रेड, बिस्किटे, पास्ता आणि तयार पिठे शहरातून किंवा ऑनलाइन मागवते, आणि महिन्याचे गणित तेथेच कोलमडते. हे पदार्थ सगळीकडेच महाग आहेत. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५६ पदार्थांच्या किमती ताडून पाहिल्या, तेव्हा ग्लुटेनमुक्त पदार्थ नेहमीच्या पदार्थांपेक्षा सरासरी २४२ टक्के महाग आढळले. तेथील माणसाचे रोजचे जेवण ब्रेडवर चालते, त्यामुळे त्याला पर्याय कमी. आपल्याकडे तसे नाही. खान्देशात दादर ज्वारी पिकते, बाजरी आणि मका पिकतो, सातपुड्याच्या पट्ट्यात भगर होते. कळण्याची भाकरी, भरीत, शेवग्याच्या शेंगांची आमटी, ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, भात आणि सगळ्या डाळी हा आपला जुनाच स्वयंपाक आहे आणि त्यातील कोणत्याही धान्यात ग्लुटेन नाही. मुलाला डब्यात बिस्किटाऐवजी शेंगदाण्याचा लाडू, केळी आणि ज्वारीच्या लाह्या दिल्या, तर पोषणही अधिक मिळते. ग्लुटेनमुक्त बिस्किटे प्रवासासाठी आणि वाढदिवसासाठी ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण धान्याची नसून गिरणीची आहे. गावातील चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. आपण ज्वारीचा डबा लावतो तेव्हा जात्याच्या दगडांत, पिठाच्या तोंडाशी आणि कापडी पिशवीत गव्हाचे पीठ अडकलेलेच असते, आणि सुरुवातीचे पीठ तर डोळ्यांनाही पिवळसर, मिसळलेले दिसते. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे असेल तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. या मर्यादेपुढे गिरणीतील चिमूटभर गव्हाचे पीठही फार होते. ‘आधी किलोभर ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढा’ असा उपाय सांगितला जातो, पण त्यावर विसंबून राहू नये.

म्हणून माझा सल्ला असा की निदानानंतरचा पहिला मोठा खर्च घरघंटीवर करावा आणि त्या घरघंटीत गहू कधीही घालू नये. काही जिल्हा परिषदा आपल्या निधीतून महिलांना पिठाची गिरणी अनुदानावर देतात, त्यामुळे पंचायत समितीच्या महिला व बालकल्याण विभागात यंदाची योजना आणि तिच्या अटी विचारून घ्याव्यात. गावात दोन-तीन रुग्ण असतील तर एक घरघंटी सामायिक ठेवता येते. धान्य घेताना ते निवडून, धुऊन, वाळवून दळावे, कारण दाणाबाजारातून येणाऱ्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

स्वयंपाकघरात रुग्णाचा तवा, परात, चाळणी आणि लाटणे वेगळे हवे. हा एकदाचा खर्च आहे आणि तो मोठा नाही. लपलेल्या गव्हाकडे मात्र लक्ष द्यावे लागते. बाजारातील खड्याचा किंवा पुडीचा बांधणी हिंग पुष्कळदा मैद्यात बांधलेला असतो, त्यामुळे फोडणीच्या वरणातूनही गहू पोटात जातो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात. माल्टची पेये जवापासून बनतात. फरसाणात आणि हॉटेलच्या दाट रश्श्यात मैदा असू शकतो. अन्न सुरक्षेच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात गहू, जव, राय किंवा ओट असेल तर त्याची ॲलर्जीविषयक सूचना छापणे बंधनकारक आहे, तेव्हा घटकांच्या यादीखालची ती ओळ आधी वाचावी. ‘ग्लुटेन कमी’ असे लिहिलेल्या पदार्थात किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालते. तो पदार्थ आपल्या रुग्णासाठी नाही.

सणवार अवघड जातात हे मान्य करावे लागेल. आखाजीची पुरणपोळी आणि सांजोऱ्या, कानबाईचे रोट आणि लग्नातील वरण-बट्टी, सगळे गव्हाचेच. घासभर प्रसादाने काय होते, असे वडीलधारी माणसे प्रेमानेच म्हणतात. त्यांना रागावण्यापेक्षा डॉक्टरांचे प्रमाणपत्र वाचून दाखवावे आणि आधीच सांगून तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाचा नैवेद्य वेगळा करावा. पथ्य मोडले तर होणारा दवाखान्याचा खर्च हा या आजारातील सर्वांत महाग खर्च आहे.

तिसरी पायरी : वाढीव खर्चाची वही

‘फार खर्च होतो’ या वाक्याला कोणत्याही कार्यालयात किंमत नाही. एक साधी वही करावी आणि तिच्यात फक्त वाढीव खर्च लिहावा, म्हणजे आजार नसता तर जो झाला नसता तेवढाच. समजा, साध्या ब्रेडला ४० रुपये पडतात आणि ग्लुटेनमुक्त ब्रेडला २००, तर वहीत १६० लिहावेत, २०० नव्हे. गव्हाऐवजी बाजारातून आणलेल्या दादरीचा किलोमागचा फरक, घरघंटीची किंमत आणि विजेचा अंदाज, वेगळी भांडी, तपासण्या, लोह व कॅल्शियमची औषधे, दवाखान्याचा प्रवास आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी असे रकाने ठेवावेत. मजुरीचा रकाना लोक सोडून देतात. शहाद्याहून किंवा रावेरहून मोठ्या दवाखान्यात जाऊन येणाऱ्या शेतमजुरासाठी मात्र तोच सर्वांत मोठा आकडा ठरू शकतो.

पावती मिळेल तेथे ती घ्यावी, आठवडी बाजारात मिळत नसेल तर तारीख, वजन आणि भाव लिहावा. सहा महिन्यांची अशी वही झाली की तिची एका पानाची गोषवारा-प्रत काढावी. एका कुटुंबाची वही ही तक्रार असते, पण तालुक्यातील दहा कुटुंबांच्या सारख्या रकान्यांच्या वह्या एकत्र आल्या की लोकप्रतिनिधीला सभागृहात बोलता येईल असा मजकूर तयार होतो.

चौथी पायरी : रेशनवरील गव्हाचा प्रश्न

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्यात गहू आणि तांदूळ यांचे प्रमाण शासन ठरवते. रुग्णाच्या वाट्याचा गहू त्याच्या उपयोगाचा नसतो आणि त्याची भाकरी मात्र बाजारभावाने विकत आणावी लागते. गरीब कुटुंबावर या आजाराचा भार नेमका येथे पडतो, म्हणून पाठपुराव्याची सुरुवात येथूनच करावी.

या कायद्याच्या व्याख्येत ‘अन्नधान्य’ म्हणजे तांदूळ, गहू किंवा भरडधान्य, अथवा त्यांचे कोणतेही मिश्रण असे म्हटले आहे. याचा अर्थ रुग्णाच्या वाट्याच्या गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मागणे ही कायद्याबाहेरची मागणी नाही. राज्यात हमीभावाने खरेदी झालेली ज्वारी रेशनवर वाटल्याची उदाहरणेही आहेत.

अर्ज तहसीलदारांच्या नावे, पुरवठा शाखेत द्यावा आणि प्रत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना पाठवावी. मजकूर थोडका असावा. शिधापत्रिकेचा क्रमांक, रुग्णाचे नाव, प्रमाणपत्राची प्रत आणि एवढीच विनंती, की ‘सदर सदस्याच्या वाट्याच्या गव्हाऐवजी तेवढ्याच वजनाचा तांदूळ अथवा ज्वारी देण्यात यावी, तसे करणे आपल्या अधिकारात नसल्यास कोणत्या अधिकाऱ्याच्या अधिकारात आहे ते लेखी कळवावे.’ अर्जाचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. दुकानदाराला असा बदल स्वतःहून करता येत नाही, त्याच्याशी वाद घालू नये. तहसीलमध्येही बहुतेक वेळा ‘तशी तरतूद नाही’ असेच उत्तर तोंडी मिळते. ते उत्तर लेखी मिळाले की पुढच्या पायरीचे दार उघडते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये. एका कुटुंबाचा अर्ज एका कार्यालयातून असाच गहाळ झाला आणि शिक्क्याची प्रत नसल्याने सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

‘घरातले बाकीचे गहू खातातच, मग तुमचे नुकसान काय?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याला चिडून उत्तर देऊ नये, वही उघडावी. घरात गहू जास्त आला म्हणून रुग्णाची भाकरी फुकट होत नाही. तिच्यासाठी दरमहा किती किलो दादर विकत आणली हे वहीत लिहिलेले असते.

नकार आल्यास किंवा उत्तरच न आल्यास याच कायद्याखाली नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तेथे वैयक्तिक तक्रारच घेतली जाते, म्हणून ‘सर्व रुग्णांसाठी धोरण करा’ असा अर्ज घेऊन जाऊ नये. आपल्या शिधापत्रिकेपुरती तक्रार मांडावी.

पाचवी पायरी : शाळा, अंगणवाडी आणि आश्रमशाळा

शालेय पोषण आहार आपल्याकडे मुख्यतः तांदळाचा आहे, ही दिलाशाची बाब आहे. मुख्याध्यापकांना प्रमाणपत्र देऊन बांधणी हिंगाचा आणि मसाल्याचा मुद्दा समजावून सांगावा, आणि बिस्किटे वाटली जातात त्या दिवशी मुलाला केळी किंवा चिक्की मिळावी एवढे शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

निवासी आश्रमशाळेतील मुलाची स्थिती अधिक नाजूक असते, कारण तेथे तिन्ही वेळचे जेवण दुसऱ्याच्या हातात असते आणि चपाती रोजची असते. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. आपली आश्रमशाळा ज्या कार्यालयाखाली येते, तेथील प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा. वेगळा तवा, वेगळ्या डब्यातील ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ आणि जेवण आधी वाढणे, एवढ्या तीनच गोष्टी मागाव्यात. यासाठी मोठी तरतूद लागत नाही, लागते ती लेखी सूचना. गृहपाल बदलले तरी ती फाइलमध्ये राहते.

सहावी पायरी : कर आणि विमा

येथे सध्या हाती फारसे लागत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीबीखाली ज्या ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाला वजावट मिळत आली, त्यांच्या यादीत सेलिॲक नाही. आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो, रोजच्या आहाराला नाही. तरीही विमा घेताना आजार लपवू नये. लपवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो, आणि आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सातवी पायरी : धोरणासाठी मागणी

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला आहे. इटलीने २००५ साली सेलिॲकसाठी स्वतंत्र कायदा केला. तेथे रुग्णाला वय आणि लिंगानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत दरमहा ग्लुटेनमुक्त पदार्थ सरकारी खर्चाने मिळतात. ब्रिटनमध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत आले, मात्र २०१८ पासून इंग्लंडमध्ये ही सोय ब्रेड आणि पिठापुरती मर्यादित झाली. कॅनडात वाढीव खर्चाची रक्कम वैद्यकीय खर्च म्हणून करसवलतीसाठी धरली जाते. आपल्या वहीत फक्त वाढीव खर्च लिहायचा, तो याच तत्त्वाने.

या उदाहरणांची जशीच्या तशी नक्कल मागणे मला योग्य वाटत नाही. करसवलत मिळाली तरी ती कर भरणाऱ्यालाच उपयोगी पडेल. चोपड्याच्या शेतमजुराला किंवा धडगावच्या आदिवासी कुटुंबाला तिचा काय लाभ? दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सेलिॲकचा समावेश व्हावा अशीही मागणी ऐकू येते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल त्यात आहेत, म्हणून हा विचार निराधार नाही, पण त्यासाठी केंद्र सरकारच्या पातळीवर दीर्घकाळ झगडावे लागेल. बिस्किटे व केक यांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यामुळे ग्लुटेनमुक्त पदार्थांवरील हा कर कमी करण्याच्या मागणीतही आता फार दम उरलेला नाही.

खान्देशातून प्रथम तीन मागण्या कराव्यात. प्रमाणपत्रधारक रुग्णाला रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ मिळावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत टीटीजी तपासणी नियमित आणि मोफत व्हावी. महिला बचत गटांना केवळ ज्वारी, बाजरी आणि भगर दळण्यासाठी वेगळी गिरणी मिळावी, म्हणजे तपासलेले सुरक्षित पीठ गावातच विकत मिळेल आणि आपल्या शेतकऱ्याच्या दादरीलाही गिऱ्हाईक मिळेल. या तिसऱ्या मागणीला इतरांचाही पाठिंबा मिळतो, कारण तिच्यात रुग्णासोबत शेतकरी आणि बचत गट दोघांचाही लाभ आहे.

आधी ग्रामसभेत ठराव घ्यावा, त्याची प्रत आमदारांना आणि पालकमंत्र्यांना द्यावी आणि अधिवेशनाच्या पुरेसे आधी आमदारांना तारांकित प्रश्नाचा मसुदा तयार करूनच द्यावा. खासदारांना द्यायचे निवेदन वेगळे असावे, कारण अन्न सुरक्षा मानके आणि आयकर हे केंद्राचे विषय आहेत. १६ मे हा जागतिक सेलिॲक दिन असतो. वर्तमानपत्रांना मजकूर द्यायचा असल्यास तो त्याच्या आठवडाभर आधी पोचवावा. निवेदनासोबत वह्यांचा गोषवारा आणि रुग्णांची संख्या जोडावी, मात्र मुलांची नावे आणि छायाचित्रे जोडू नयेत.

पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेला पदार्थ खाऊन रुग्णाला त्रास झाला, तर पाकीट फेकू नये आणि जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते, आणि पदार्थ नियमबाह्य निघाल्यास शुल्क परत मिळते.

आकडे मागण्यासाठी माहिती अधिकाराचा वापर करावा. दिल्ली परिसरात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एक व्यक्ती सेलिॲकची आढळली होती. आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत शासकीय रुग्णालयात किती टीटीजी तपासण्या झाल्या आणि त्यांपैकी किती सकारात्मक आल्या, हे विचारावे. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रुग्णालयासाठी एक आणि पुरवठा विभागासाठी दुसरा असे दोन अर्ज करावेत. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे आणि त्याच्या प्रतीवरही आवक शिक्का घ्यावा.